पाऊस तर चार महिने असणारच, मग माणसाने बरं व्हायचं कधी?

चिपळूणात जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात कुठल्याही दवाखान्यात जाऊन बसा. कोणाला ॲसिडिटी झालेली असते, कोणाचं बीपी वाढलेलं असतं, कोणाच्या छातीत धडधडतंय म्हणून ईसीजी काढलाय आणि तो नॉर्मल आलाय. डॉक्टर विचारतात झोप लागते का, की उत्तर ठरलेलं, पाऊस जोराचा लागला की नाही लागत हो. गोळ्या घेऊन माणूस घरी जातो आणि पुढच्या अतिवृष्टीला परत येतो.

चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल आपण इतकं बोललोय, पण बोलतो ते काय, तर पाणी कुठपर्यंत चढलं, कोणाचं किती गेलं, मदत किती आली आणि वाशिष्ठी नदीतला गाळ किती काढला. पंचनाम्यात गाद्या होत्या, फ्रीज होता, धान्य होतं, दुकानातला माल होता. ज्या बाईने पोराला पोटाशी धरून अख्खा दिवस माळ्यावर काढला तिचं काय झालं हे लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. आणि जागा नव्हती म्हणून आपणही धरून चाललो की तिचं काही झालंच नाही.

माझी धाकटी जाऊ खेर्डीत राहते. तिच्या घरात तळमजल्यावर कपाटाचा खालचा कप्पा आजही रिकामा असतो. फ्रीज चार चिऱ्यांवर चढवलाय. दाराच्या वर खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी कायम लटकलेली असते, त्यात रेशनकार्ड, घराचे कागद, पोरांचे दाखले आणि एक टॉर्च. भिंतीला दोनदा रंग दिला तरी पाण्याची रेघ पहिल्या पावसाच्या ओलीबरोबर परत उमटते, तर तिथे तिने कॅलेंडर लावलंय. यातलं पिशवी आणि चिरे हे शहाणपण आहे, नदीकाठच्या प्रत्येक घरात ते असायला हवं. पण रात्री दोनला उठून दार उघडून रस्त्यावर टॉर्च मारून बघणं, आणि एकदा बघून समाधान न होता पहाटेपर्यंत परत परत बघणं, आणि दिवसभर पोरांवर खेकसत राहणं, हे शहाणपण नाही हो, ही जखम आहे. तिला घरात सगळे म्हणतात की तू फार टेन्शन घेतेस, तुझा स्वभावच तसा. नाही. मी तिला लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय, तिचा स्वभाव असा नव्हता.

हे मेंदूत कसं होतं ते समजून घेतलं ना, की निदान स्वतःला दोष देणं तरी थांबतं, म्हणून थोडं सांगते. आपल्या मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, त्याचं काम धोका ओळखणं. आणि हिप्पोकॅम्पस नावाचा दुसरा भाग असतो जो आठवणीला जागा आणि वेळ जोडतो, म्हणजे हे तेव्हा झालं, तिथे झालं, आता संपलं. जिवावरचा प्रसंग येतो तेव्हा पहिला भाग जोरात काम करतो आणि दुसऱ्याचं काम अर्धवट राहतं. त्यामुळे ती आठवण मागे जाऊन बसत नाही. पत्र्यावर पाऊस वाजला, चिखलाचा आणि डिझेलचा मिळून तो वास आला, लाईट गेली, की शरीराला वाटतं ते आत्ताच चाललंय. हृदय धडधडतं, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. डोक्याला कळत असतं की पाणी आलेलं नाही, शरीर ऐकत नाही. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्ये हेच दिसत होतं आणि १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या यादीत त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, म्हणून अधिकृत जागा दिली. हेही सांगायला हवं की संकटातून गेलेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, बहुतेक माणसं काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप सावरतात. पण महिना उलटून गेला तरी त्रास तसाच असेल, रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला उपचार लागतात, जसे मलेरियाला लागतात.

आता आपल्या कोकणाचं बघा. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीचा पूल गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या, ती रात्रच. २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं, तेही रात्रीच. चिपळूणात २०२१ ला पाणी वाढलं ते रात्रीपासूनच. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हाही रात्र. तळिये आणि पोसऱ्याची दरड त्याच २०२१ च्या पावसातली, आणि त्याच्या आधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. म्हणजे इथल्या माणसाचे घाव पावसाचे आहेत आणि बरेचसे रात्रीचे आहेत. पुस्तकात, रील्समध्ये सल्ला असतो की तुमचा ट्रिगर, म्हणजे तो त्रास जागा करणारी गोष्ट, ओळखा आणि त्याच्यापासून लांब राहा. अरे पण आमचा ट्रिगर आभाळातून पडतो! चार महिने पडतो, आणि तो पडला नाही तर लावणी होत नाही, विहिरी भरत नाहीत. शहरात एखाद्याला अपघात झाला तर तो काही दिवस तो रस्ता टाळू शकतो. आम्ही काय टाळायचं? म्हणून माझं ठाम मत आहे की इथे बरं होणं हे पाऊस चालू असतानाच, पावसात राहूनच घडायला हवं, आणि ते एकेकट्याने घरात कुढत होणार नाही.

आणि हा त्रास फक्त इथे राहणाऱ्यांनाच आहे असंही नाही. २०२१ च्या पुराच्या दिवशी लाईट गेली, टॉवर बंद पडले, आणि विरार, डोंबिवली, लालबागला बसलेली मुलं गावच्या आईबापांना फोन लावत राहिली. टीव्हीवर बुडलेलं चिपळूण दिसतंय आणि फोन लागत नाही. त्यांच्या अंगाला पाण्याचा थेंब लागला नव्हता, पण आज आईने एकदा फोन उचलला नाही तरी ऑफिसात घाम फुटणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांना वाटतं की आपल्याला काय झालंय, सोसलं तर गावच्यांनी. असं मोजू नका. दुखतं त्याला दुखतं.

पुरुषांचं तर अजून अवघड. बाप्या माणसाने घाबरायचं नाही, रडायचं तर नाहीच. मग ते बाहेर येतं रागातून, नाहीतर बाटलीतून. बाजारपेठेत ज्यांनी आयुष्यभराचा माल चिखलात बघितला ते चौथ्या दिवशी दुकान धुवायला उभे होते, आपण सगळ्यांनी कौतुक केलं, कोकणी माणूस मोडत नाही म्हणालो. कौतुक खरंच होतं, पण त्या कौतुकाने त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं. एकदा तुम्हाला खंबीर म्हटलं की मग मला झोप येत नाही हे कोणाला सांगणार?

आपल्याकडे बोलून मोकळं व्हायची पद्धतच नव्हती असं मात्र मला वाटत नाही. गाऱ्हाणं आठवा. देवळात गुरव नाहीतर गावकार मोठ्याने देवाला सांगतो, ह्या लेकराच्या मागे इडापीडा लागली असेल ती दूर कर, आणि सगळा गाव एका आवाजात म्हणतो, व्हय महाराजा. तुम्ही देव माना न माना, पण तुमचं दुःख चारचौघांत मोठ्याने बोललं जातं आणि सगळे त्याला हुंकार देतात, यात जबरदस्त ताकद आहे. एकटेपणा तिथेच निम्मा होतो. वाडीतलं भजन, गणपतीला भरलेलं घर, शिमग्याला पालखी नाचवताना चिकटलेले खांदे, या सगळ्याने माणूस सावरतो. पण जिथे झोप महिनोन्‌महिने उडालीय, जिथे जीव नकोसा वाटतोय, तिथे गाऱ्हाण्याच्या जोडीला डॉक्टर लागतो. गाऱ्हाणं घाला आणि डॉक्टरकडेही जा, देव काही रागवत नाही.

आणि डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीय. रत्नागिरीला १८८६ पासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे, राज्यात अशी प्रादेशिक रुग्णालयं चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि आपली रत्नागिरी. कोकणासाठी ही केवढी मोठी सोय! आणि आपण काय केलं, तर ‘रत्नागिरीला न्यायला पाहिजे ह्याला’ ही शिवी करून ठेवली. मी हात जोडून सांगते, घरात पोरांसमोर हे वाक्य बोलणं बंद करा. उद्या त्याच पोराला मदत लागली तर ते तुम्हाला सांगणार नाही.

उपचार म्हणजे शॉक आणि कोंडून ठेवणं, हेही डोक्यातून काढा. या त्रासावर मुख्य उपचार बोलण्याचाच आहे, पण शास्त्रशुद्ध बोलण्याचा. प्रशिक्षित माणूस तुम्हाला हळूहळू, तुमच्या वेगाने, त्या आठवणीजवळ नेतो आणि सुरक्षित परत आणतो, असं करत करत शरीराला पटतं की ते संपलंय. ईएमडीआर म्हणून एक पद्धत आहे ज्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायला सांगतात, तिचाही उपयोग होतो. काहींना औषध लागतं, ते मानसोपचारतज्ज्ञाने दिलेलं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका, सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. रात्री धडधडायला लागलं तर त्या क्षणापुरतं एक करता येतं, श्वास आत घ्या त्याच्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावा, पाय लादीवर घट्ट टेकवा, आणि खोलीत काय काय दिसतंय ते मोठ्याने म्हणा, पंखा, घड्याळ, देवाचा फोटो. माझ्या जावेला याने पहाटेची दोन-तीन तासांची झोप तरी मिळायला लागली.

शेजाऱ्यांसाठी पण सांगते. कोणाला खोदून खोदून विचारू नका की पाणी आलं तेव्हा काय झालं सांग ना. जबरदस्तीने सांगायला लावलं तर जखम उलट उघडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये अशा वेळच्या मदतीसाठी पुस्तिका काढली, तिचं सूत्र आहे बघा, ऐका, जोडा. काय हवंय ते बघा, तो बोलेल तेवढंच ऐका, आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या. ‘विसर आता’ आणि ‘इतरांचं बघ किती गेलं’ ही दोन वाक्यं सोडून काहीही बोललात तरी चालेल, नुसते चहा घेऊन शेजारी बसलात तरी चालेल.

आता प्रशासनाकडे. भीती कमी करण्याचं सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वेळेवर मिळालेली खरी माहिती. रात्री ग्रुपवर कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं असा फॉरवर्ड फिरतो आणि अख्खी पेठ जागी होते. पाण्याची पातळी किती, भरती किती वाजता, सोडणार असतील तर कधी, हे एकाच खात्रीच्या ठिकाणाहून दर तासाला कळलं तर अर्धं चिपळूण झोपेल. दुसरं, शाळांमध्ये पावसाळ्याआधी शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. पुराच्या वेळी जी मुलं बालवाडीत होती त्यातल्या काहींचं पोट आजही नेमकं रेड अलर्टच्या दिवशी दुखतं, आणि त्यांना कामचुकार म्हणून ओरडा बसतो. तिसरं, पुढचा पंचनामा करायला तलाठ्याबरोबर एक समुपदेशकही पाठवा, आणि तो महिन्याने परत येऊ दे, कारण खरा त्रास तेव्हाच कळतो.

आणि तोपर्यंत, टेलिमानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला टॉर्च घेऊन दारात उभे असाल तेव्हाही लागते. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, आईच्या फोनमध्ये पण करून द्या. चिपळूण, खेड, महाड, मंडणगड, कुठलेही असा, तुमच्याकडे पावसात कोणाची झोप उडत असेल तर कमेंटमध्ये लिहा, लिहायचं नसेल तर मेसेज करा. जूनच्या आधी आपण काही जण मिळून वाडीवाडीत बसायचं ठरवतोय.