सॅन फ्रान्सिस्कोची हवा छान असते

सॅन फ्रान्सिस्कोला बारा महिने हवा छान असते, असं पुण्यातून निघताना ज्यानं त्यानं बजावलं होतं. यातला एकही जण जुलैत इकडे आलेला नसावा.

लेक राहते समुद्रापासून आत, वॉलनट क्रीकला. तिथे दुपारी ३५ अंश. घामानं निथळत असताना ती म्हणाली, "बाबा, जाकीट घ्या." कॅल्डेकॉट बोगद्यात शिरताना गाडीत एसी चालू होता, पलीकडे निघाल्यावर जावयांनी तो बंद केला आणि शहर येईतो हीटर लावला. आपल्याकडे बोगदा संपला की घाट संपतो, इथे ऋतूच संपतो.

जावई कारण समजावून सांगत होते. आतली खोरी तापली की तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा डोंगरांमधल्या गोल्डन गेट नावाच्या फटीतून धुक्यासकट आत घुसते. पॅसिफिकचं पाणी इथे उन्हाळ्यातही गारठलेलंच. म्हणजे आत जितकं उकडणार, तितकं शहर कुडकुडणार. भुर्दंड मात्र दोन्हीकडचा आमच्याच अंगावर.

गोल्डन गेट पूल १९३७ सालचा, मनोरे २२७ मीटर उंच, रंग केशरी. हे सगळं वाचलेलं. दिसले ते मनोऱ्यांचे पाय. धुक्यात जहाजांना सावध करणारा पुलावरचा भोंगा तेवढा राहून राहून ओरडत होता, म्हणून पूल जागेवर आहे हे कळलं. "अहो, जरा हसा की!" म्हणत हिनं फोटो काढला. माझ्यामागे नुसतं पांढरं. असा फोटो आमच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरीपुढेही निघाला असता, आणि व्हिसाही लागला नसता.

फिशरमन्स वॉर्फ या बंदरावरच्या पर्यटकी बाजारात शहराचं नाव छापलेल्या स्वेटशर्टांचे ढीग. अर्ध्या चड्डीतले पर्यटक ते मुकाट्यानं विकत घेत होते. हौस कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. शेजारच्या पिअर ३९ या धक्क्याच्या तराफ्यांवर सी लायन, म्हणजे सीलसारखे समुद्री प्राणी, एकमेकांवर रेलून पडले होते. हवेबद्दल तक्रार नसलेले अख्ख्या शहरात तेवढेच.

पूल ओलांडून सॉसालिटोला गेलो, तर लख्ख ऊन. जाकीट काढलं. परत येऊन ट्विन पीक्सवर चढलो, वाऱ्यानं टोपी उडवली. जाकीट घातलं. खाली मिशन भागात पुन्हा ऊन. काढायला गेलो तर चेन अडकली, ती बरोबर निम्म्यावर. जावई पक्कड आणतो म्हणाले. म्हटलं, राहू द्या, या गावाला हेच माप बरोबर आहे.