पेयोटी सगळ्यांची?

सायकेडेलिक, म्हणजे भान आणि जाणिवा बदलणाऱ्या द्रव्यांनी केलेल्या उपचारांचा विषय निघाला की सोशल मीडियावरच्या पोस्टांतून एक दावा हमखास फिरू लागतो : बुरशी, निवडुंग ही निसर्गाची देणगी, त्यावर मालकी कुणाचीच नाही, कायदा सैल करा, लाभ सगळ्यांना सारखाच होईल, वंश आणि आदिवासींचे हक्क हे औषधात घुसडलेलं राजकारण.

आधी मालकी. पेयोटी हा बिनकाट्यांचा बुटका निवडुंग रानात उगवतो तो फक्त दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत. तोडण्याजोगा व्हायला दहाएक वर्षं सहज जातात. त्यात जमिनी नांगरल्या जातात, चोरून तोडही होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड शहराने निवडुंगांसकट अशा वनस्पतींवरची कारवाई थांबवली, तेव्हा विधीत पेयोटी घेणाऱ्या अमेरिकी आदिवासींच्या नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या मंडळींना धडकी भरली ती याच कारणाने. २०२० मध्ये त्यांनी जाहीर विनंती केली : पेयोटीला या यादीतून वगळा. लगेच ‘मक्तेदारी’चा ओरडा झाला. पण पेयोटीतलं मेस्कॅलिन हे भान बदलणारं द्रव्य सॅन पेद्रो निवडुंगातही असतं, आणि तो भराभर वाढतो, कुंडीतही लागतो. मग पेयोटी सोडल्याने नेमका कुणाचा उपचार अडला? कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये तेच केलं : मेस्कॅलिनला मोकळीक, पेयोटीला नाही.

आणि मालकी नकोच असेल, तर पेटंटांबद्दलही तेवढ्याच आवाजात बोलावं. मेक्सिकोतल्या माझातेक आदिवासींच्या विधींतल्या बुरशीची ख्याती त्यांच्यातल्या मारिया साबिना या वैदूबाईकडून बाहेर गेली. १९५८ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ हॉफमनने त्या बुरशीतून सायलोसायबिन हे तिचं सायकेडेलिक द्रव्य वेगळं काढलं. आज त्याच्या एका स्फटिकरूपावर कंपनीचं पेटंट आहे. हळदीच्या पेटंटविरुद्ध माशेलकरांनी दिलेला लढा अभिमानाने सांगणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

‘राजकारण घुसडलं’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलं ओरेगॉन राज्य पाहावं. व्यसनमुक्ती समुपदेशक अल स्मिथ क्लामाथ या आदिवासी जमातीचे. विधीत पेयोटी घेतली म्हणून नोकरी गेली, राज्याने बेकारभत्ता नाकारला, आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्याचीच बाजू उचलून धरली. पेयोटीच्या विधींना देशभर संरक्षण देणारा कायदा यायला १९९४ उजाडलं. त्याच ओरेगॉनने २०२० मध्ये मतदानाने सायलोसायबिन उपचार कायदेशीर केले. राजकारण आधीपासूनच होतं. फक्त ते कुणाला सोसावं लागलं, हे पोस्टवाल्यांच्या गावी नाही.

राहिला ‘सारखा लाभ’. सायकेडेलिक उपचारांवरच्या १९९३ ते २०१७ मधल्या १८ अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा २८२ सहभागींपैकी सुमारे ८२ टक्के गोरे निघाले. याला ‘बाकीच्यांनाच रस नसेल’ असं उत्तर मिळतं. केंटकीतल्या लेक्सिंग्टनला १९५० च्या दशकात बहुतांशी कृष्णवर्णीय कैद्यांवर एलएसडीचे प्रयोग झाले, काहींवर सलग ७७ दिवस, आणि मोबदल्यात अमली पदार्थच दिले गेले. अविश्वासाला एवढं कारण पुरे नाही? शिवाय ओरेगॉनमधलं सायलोसायबिन उपचाराचं एक सत्र अनेकदा हजार डॉलरांपुढे जातं आणि विमा त्याचे पैसे देत नाही.