नवी गाडी पारखून घेण्याविषयी एक प्रतिवाद

चवथ आणि दसरा जवळ आला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे: नवी गाडी थेट कारखान्यातून येते, विक्रेता तिची पीडीआय म्हणजे पूर्वतपासणी करतोच, शिवाय वॉरंटी आहे, तेव्हा मुहूर्तावर ओरखडे शोधत बसू नये. संदेश चांगल्या हेतूने पुढे पाठवला जात असेल, पण त्यामुळे ग्राहकाचे नुकसान होते, म्हणून हे उत्तर.

‘थेट कारखान्यातून’ हे वर्णनच चुकीचे आहे. गाडी चाकण, साणंद, मानेसर किंवा श्रीपेरुंबुदुरच्या कारखान्यातून ट्रेलरवर चढते, शेकडो किलोमीटरचा प्रवास करून यार्डात उतरते आणि तिथे कित्येकदा आठवडेच्या आठवडे उघड्यावर उभी असते. उतरवताना बंपर खालून घासतो, शेजारच्या गाडीचे दार लागते, आणि आपल्याकडची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर बारीक वर्तुळाकार चरे उमटतात, जे उन्हातच ठळक दिसतात.

पीडीआय होते हे खरे, पण ती करणारा माणूस विक्रेत्याचाच असतो आणि त्याने केलेली डागडुजी ग्राहकाच्या कानावर घातली जातेच असे नाही. माझ्या बहिणीच्या गाडीचे उदाहरण देतो. दुरून रंगात कुठेही फरक दिसत नव्हता. पण मागल्या डाव्या दाराची रबरी बीडिंग बोटाने बाजूला सारताच आत रंगाची खरखरीत कड हाताला लागली, आणि बिजागरीच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने तुटलेला दिसला. डिटेलिंग म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्या मित्राने जाडी मोजणारा मीटर लावला तेव्हा इतर दारांवर रंगाची जाडी सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास आणि या दारावर जवळजवळ अडीचशे निघाली. दार पुन्हा रंगवलेले होते. गाडीची नोंदणी अजून झालेली नव्हती, एवढ्या एकाच कारणाने विक्रेत्याला दुसरी गाडी देणे भाग पडले.

संदेशातली सर्वांत मोठी चूक नेमकी इथेच आहे. आता नोंदणीचे काम विक्रेताच करतो आणि उच्च सुरक्षा नंबरपाटी लावूनच गाडी बाहेर काढायची असते. म्हणजे हार घालून चावी हातात येते त्या दिवशी गाडी आधीच तुमच्या नावावर झालेली असते, आणि ती ‘नवी’ म्हणून दुसऱ्याला विकता येत नसल्यामुळे बदलून मिळण्याची आशा जवळपास संपते. म्हणून पूर्ण पैसे भरण्यापूर्वी आणि नोंदणीचा अर्ज जाण्यापूर्वी, यार्डातच, सकाळच्या उजेडात आणि कोरड्या अंगाची गाडी पाहावी. संध्याकाळी शोरूमच्या दिव्यांत किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर चरे लपतात. जी गाडी पाहिली तिचा सतरा अक्षरी चासी क्रमांक टिपून ठेवावा आणि बिलावर तोच आहे ना, हे ताडून पाहावे. मुहूर्त ताबा घेण्याचा असतो. त्याआधी दोन दिवस गाडी तपासल्याने मंगेशीच्या किंवा बोडगेश्वराच्या देवळात नेण्यात काहीच बिघडत नाही.

वॉरंटीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. रंगातला निर्मितीदोष साधारणपणे तिच्यात बसतो. बाहेरून लागलेला ओरखडा, पोचा, खडी उडून गेलेला टवका बसत नाही. ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली सही केल्यावर तो ओरखडा ताब्याआधीचा होता हे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पर्वरी व मडगाव येथे जिल्हा ग्राहक आयोग आहेत, पण तिथेही पुरावाच मागितला जाणार. ‘पहिल्या सर्व्हिसिंगला बफ करून (घासून चकाकी आणून) देतो’ हे तोंडी आश्वासन म्हणजे पुरावा नव्हे. दोष किरकोळ असेल आणि गाडी घ्यायचीच असेल, तर तो ताबापावतीवर पॅनेलच्या नावासह लिहून, विक्रेत्याची सही-शिक्का घेऊन आणि तिथेच फोटो काढून मगच आपली सही करावी.