'लेखणी विकलीत' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

ब्लॉगवरच्या जाहिरातींतून पैसे कसे मिळतात यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की जाहिराती आल्या त्या दिवशीच लेखणी विकली गेली. जाहिरातदार दुखावेल असं मी यापुढे लिहिणार नाही. नव्याने लिहू लागलेल्यांना मी मृगजळ दाखवते आहे. आणि पैशांची इतकी गरज असेल तर वाचकांपुढे सरळ हात पसरावा, त्यात जास्त स्वाभिमान आहे. शेवटी 'आम्ही क्लिक करायचं आणि तुम्ही कमवायचं' असा टोलाही हाणला आहे. टोला झकास आहे, पण नेम चुकलाय. बाकीच्या आरोपांतला एक मात्र बरोबर बसलाय, त्याचं कारण तुम्ही देता त्याहून वेगळं आहे इतकंच.

आधी जाहिरातदाराच्या भीतीबद्दल. घाबरायचं तर तो निदान मला माहीत तरी हवा. छापील मासिकाच्या संपादकाला माहीत असतं की मागच्या पानाचे पैसे कोणी दिलेत. त्याला फोन येऊ शकतो, पुढच्या अंकाची जाहिरात काढून घेतली जाऊ शकते. माझ्याकडे असा फोन कोण करणार? तुम्ही लेख उघडता तेव्हा मजकूर पडद्यावर उमटत असतानाच पानातला जाहिरातीचा कोड सर्व्हरकडे निरोप धाडतो की अमुक पान आहे, इतक्या आकाराची जागा रिकामी आहे, वाचक मोबाइलवर आहे, साधारण अमुक भागातला आहे. तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे साइटनी ठेवलेल्या बारीक नोंदी, साठलेल्या असतील आणि तुम्ही नकार दिलेला नसेल, तर त्याआधी तुम्ही काय काय चाळलंत याचाही माग त्यात असतो. मग त्या एका जागेचा, त्या एका वाचकापुरता लिलाव होतो. बोली लावायला माणूस कोणी नसतो, जाहिरातदारांनी आधी ठरवून दिलेल्या बजेटवर चालणाऱ्या प्रणाली एकमेकींशी भिडतात. हा सगळा खेळ साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आटोपतो. पूर्वी जिंकणाऱ्याला दुसऱ्या नंबरच्या बोलीच्या आसपास पैसे मोजावे लागायचे. २०२१ मध्ये ब्लॉगांना जाहिराती पुरवणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्स या सेवेनेही ती पद्धत सोडली, आता जितकी बोली तितकेच पैसे. तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला त्याच क्षणी त्याच लेखात दुसरीच जाहिरात दिसते. त्यातला कोणता जाहिरातदार माझ्या कोणत्या वाक्याने दुखावेल याचा अंदाज बांधायचा म्हटलं तरी मला बांधता येणार नाही.

तुम्ही दिलेलं उदाहरण मात्र खरंच झोंबणारं आहे. कर्जाच्या विळख्यातून बाहेर कसं पडावं यावरच्या माझ्या लेखात, बरोब्बर मधोमध, 'पाच मिनिटांत कर्ज' देणाऱ्या ॲपची जाहिरात तुम्हाला दिसली. तुम्ही म्हणता हे ढोंग आहे. दिसतं तसंच, मान्य. घडतं ते असं की यंत्र पान वाचतं, त्यात कर्ज, हप्ता, व्याज हे शब्द त्याला पुन्हा पुन्हा सापडतात. लेख कर्ज घ्या म्हणतोय की घेऊ नका, हे त्याला फारसं उमगत नाही. कर्ज देणारे जाहिरातदार या शब्दांवर मोठी बोली लावून बसलेले असतात, म्हणून नेमकी तीच जाहिरात जिंकते. खात्यात जाऊन जाहिरातींचे काही गट सरसकट बंद करता येतात, एखादी ठरावीक जाहिरात किंवा एखाद्या जाहिरातदाराची साइटही अडवता येते. झटपट श्रीमंतीचा गट मी पहिल्यापासून बंद ठेवलेला आहे. पण रोज नव्या पत्त्यांवरून नव्या जाहिराती येतात, चाळणीतून काही निसटतातच. अशी जाहिरात दिसली तर ती ज्या साइटवर नेते तिचा पत्ता कळवा, मी तो अडवते.

आता तुमचा बरोबर बसलेला आरोप. जाहिरातींचा लेखनावर दबाव येतो, हे शंभर टक्के खरं. फक्त तो ॲडसेन्सच्या खात्यातल्या कमाईच्या रिपोर्टच्या पानावरून येतो.

हे पान ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. डावीकडे तुमच्या लेखांची यादी असते, समोर रकाने. किती वेळा पान उघडलं, किती जाहिराती दिसल्या, किती क्लिक झाले, आणि दर हजार पानांमागे किती पैसे पडले. कमाईच्या रकान्यावर एकदा टिचकी मारली की यादी वरून खाली लागते. सगळ्यात वर असतो विम्याच्या दोन प्रकारांची तुलना करणारा, मला स्वतःलाही पुन्हा वाचावासा वाटणार नाही असा एक कोरडा लेख. त्याच्याखाली व्याज कसं मोजायचं ते. आणि ज्यावर खरोखर जीव ओतला, ज्याखाली तुमच्यासारख्यांनी लांबलचक चर्चा केली, तो लेख कुठेतरी तळाशी, कमाई शून्य पूर्णांक शून्य काहीतरी. कारण उघड आहे. विमा, कर्ज, गुंतवणूक यांतला एक ग्राहक जाहिरातदाराला भरपूर कमावून देतो, म्हणून तो त्या पानासाठी जास्त मोजतो. आठवणी, पुस्तकं, माणसं यांवरच्या लेखात त्याला विकण्यासारखं काही सापडत नाही. कोणी धमकी देत नाही, कोणी सुचवतही नाही. यादी नुसती तिथे असते आणि पुढचा विषय निवडताना डोळ्यांसमोर येते. जाहिरातदाराच्या फोनपेक्षा हे जास्त घातक आहे असं माझं मत आहे, कारण फोन आला तर निदान राग तरी येतो.

लेखाच्या लांबीचंही तसंच. लेख लांब म्हणजे स्क्रोल जास्त, स्क्रोल जास्त म्हणजे जागा जास्त. ॲडसेन्समध्ये पूर्वी एका पानावर मजकुरासोबत तीनच जाहिराती लावता यायच्या, ती मर्यादा २०१६ मध्ये उठली. मग तीन ओळींचं उत्तर तेराव्या परिच्छेदात लपवणारे लेख सगळीकडे दिसू लागले त्यात नवल नाही. थोडा लगाम बसला तो बाहेरून. कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या गटाने त्रासदायक जाहिरातींची यादी केली, त्यात मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी खाणं हाही एक गुन्हा. १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर असे नियम वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती अडवू लागला. माझ्या पानावर दोन जागा आहेत, एक मध्ये, एक शेवटी. आपोआप जागा शोधून जाहिराती घुसवण्याची सोय मी बंदच ठेवते, कारण ती दोन वाक्यांचा संबंध न बघता मध्ये पाचर मारते. आणि रिपोर्ट उघडते महिन्यातून एकदा, तोही पुढचे विषय ठरल्यावर. याहून मोठा बंदोबस्त मला सुचलेला नाही.

मृगजळाबद्दल. मूळ लेखात मी हिशोब दिला होता, पण तो अगदी शेवटी होता, म्हणून इथे पुन्हा मांडते. जाहिरातदाराने गूगल ॲड्स या जाहिराती विकत घेण्याच्या सेवेतून १०० रुपये खर्च केले तर त्यातले सरासरी १५ खरेदीच्या बाजूलाच कापले जातात. उरलेल्या ८५ मधले ८० टक्के, म्हणजे ६८, लेखकाला. ही मांडणी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली, पण ६८ हा आकडा त्याआधीही तोच होता. वाटा ऐकायला भरघोस वाटतो. गोम अशी की वाटा कशातला, ते बघायला हवं. समजा दर हजार पानांमागे तुम्हाला एक डॉलर पडतोय. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. म्हणजे पहिल्या रकमेसाठी एक लाख वेळा पानं उघडली गेली पाहिजेत. दर अर्धा डॉलर असेल तर दोन लाख वेळा. ज्या भाषेत जाहिरातदार कमी, तिथे बोली लावणारेही कमी आणि दरही खाली. हे वाचून कोणी नोकरी सोडत असेल तर त्याला मी काय, कोणीच थांबवू शकणार नाही.

शिवाय हे पैसे देतं कोण, हेही बघा. तुमच्यासारखा वाचक थेट येतो, नवा लेख वाचतो, भांडतो, जातो. अनेकदा त्याच्याकडे जाहिराती लपवणारा ॲडब्लॉकर असतो (असू द्या, माझी काही तक्रार नाही). जाहिरातीच्या दृष्टीने हा वाचक जवळजवळ बिनकामाचा. कमाई होते ती सर्चमधून आलेल्या, माझं नावही न वाचता उत्तर शोधून निघून जाणाऱ्या अनोळखी माणसांमुळे, आणि तीही बहुतेक जुन्या लेखांवर. म्हणजे तुम्हाला दुखावून किंवा खूश करून माझ्या जाहिरातींच्या कमाईत पैशाचाही फरक पडत नाही.

आणि तो क्लिकचा टोला. २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स जाहिरात दिसण्याचे पैसे देतं, पूर्वीसारखे मुख्यतः क्लिकचे नाही. क्लिक तसेही दुर्मीळच. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीची जाहिरातीची पट्टी झळकली तेव्हा ४४ टक्के लोकांनी ती दाबली असं सांगतात. नवलाई होती. आता शंभरात एकाने दाबली तरी पुष्कळ. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. 'मला मदत म्हणून जाहिराती दाबा' असं वाचकांना सांगायला सक्त मनाई आहे, स्वतःच्या पानावरच्या जाहिराती स्वतः दाबायलाही. कोणी मायेपोटी एका बैठकीत दहा जाहिराती दाबल्या तर प्रणालीला ते संशयास्पद दिसतं, महिन्याच्या शेवटी ती रक्कम वजा होते आणि प्रकार वाढला तर खातंच बंद होतं. कृपा करून कोणीही माझ्यावर असले उपकार करू नका.

आता हात पसरण्याविषयी. हा पर्याय लोकांनी मनापासून वापरून पाहिलाय. जेसन कॉटकी या अमेरिकन ब्लॉगरने फेब्रुवारी २००५ मध्ये काम सोडलं आणि जाहिराती न लावता वर्षभर वाचकांच्या वर्गणीवर लिहायचं ठरवलं. सुमारे १,४५० लोकांनी मिळून चाळीस हजार डॉलरच्या जवळपास दिले. वर्ष सरल्यावर त्याने तो प्रयोग पुढे चालवला नाही. नंतर २०१६ मध्ये तो सभासदत्वाच्या रूपात पुन्हा वाचकांकडे वळला, म्हणजे रस्ता बंद नव्हता, पण पहिल्या फेरीत टिकाव लागला नाही. पत्रकार-ब्लॉगर अँड्र्यू सलिव्हन यांनी २०१३ मध्ये 'द डिश' हे आपलं ब्लॉग-संकेतस्थळ जाहिरातींशिवाय, वाचकांच्या पैशावर उभं केलं. वर्गणीदार हजारोंनी मिळाले. तरी २०१५ च्या सुरुवातीला त्यांनी ते थांबवलं, रोजच्या रगाड्याने आणि तब्येतीने थकून. उलट बाजूला डूस हा ब्लॉग. २००४ मध्ये हेदर आर्मस्ट्राँग यांनी तिथे जाहिराती घेतल्या तेव्हा त्यांनाही तुमच्या प्रतिक्रियेसारख्याच प्रतिक्रिया आल्या होत्या. पुढे त्यावरच त्यांचं घर चाललं.

वर्गणीला माझा तात्त्विक विरोध नाही, पण त्यात स्वाभिमान जास्त आहे हे मला पटत नाही. जाहिरात कोणी दिली ते मला ठाऊक नसतं, म्हणून त्याची मर्जी राखायचा प्रश्नच येत नाही. वर्गणी देणाऱ्याचं नाव मला ठाऊक असेल. तो प्रतिक्रिया लिहील तेव्हा ती इतरांपेक्षा थोडी जास्त काळजीपूर्वक वाचली जाईल. त्याला न आवडणारी भूमिका घेताना हात क्षणभर अडखळेल. समजा तुम्ही दरमहा मला काही देत असता. आजचं हे उत्तर याच सुरात लिहिता आलं असतं का? मला शंका आहे.

लेखणी विकायची असेलच तर त्यासाठी वेगळी खिडकी आहे, आणि तिच्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत चकार शब्द नाही याचं मला आश्चर्य वाटतं. पैसे घेऊन लिहिलेले 'लेख' आणि पैसे घेऊन पेरलेल्या लिंक. तिथे पैसे देणारा नावानिशी समोर असतो, त्याला कौतुक हवं असतं, आणि बहुतेकदा 'हे प्रायोजित आहे असं लिहू नका' अशी अटही असते. लिंकचे पैसे घेतले असतील तर तिला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावावी, असं गूगलने २०१९ मध्ये सांगितलं. त्याआधी २००५ पासून 'नोफॉलो' ही खूण होतीच. खूण लावली की त्या लिंकची सर्चमधली किंमत जाते, म्हणजे तिच्या जोरावर साइट सर्चमध्ये वर चढत नाही, म्हणून पैसे देणाऱ्याला ती नको असते. एका लेखाचे तिथे जितके मिळतात तितके माझ्या दोन जागांना जमवायला कित्येक महिने लागतील, म्हणून मोह तिथे खरा. अशा मेल मला नियमित येतात. 'आपला ब्लॉग आम्ही मनापासून वाचतो' अशी सुरुवात असते आणि खाली दुसऱ्याच कुणाच्या ब्लॉगचं नाव राहून गेलेलं असतं. मी उत्तर देत नाही. नकार कळवला की ते दर वाढवून परत येतात.