रिपोर्टमधलं 'अ‍ॅट्रोफिक' म्हणजे कॅन्सर नव्हे

'एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये अ‍ॅट्रोफिक गॅस्ट्रायटिस आलं म्हणजे पोटाचा कॅन्सर सुरू झाला. अ‍ॅसिड वाढल्याने हे होतं, रोज कोरफडीचा रस घ्या', असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

या आजारात वर्षानुवर्षांच्या दाहाने जठराच्या अस्तरातल्या ग्रंथी झिजतात. झीज पसरली की अ‍ॅसिड वाढत नाही, उलट कमी होतं! बहुतेकदा कारण असतं हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. काहींची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथींवर उलटते. त्यांच्यात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हमखास तपासावी.

कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक ठरवलं. पण नेदरलँड्समधल्या देशव्यापी नोंदींत अ‍ॅट्रोफिक गॅस्ट्रायटिसच्या रुग्णांपैकी वर्षाला हजारी साधारण एकालाच कॅन्सर झाला.

जिवाणू सापडला तर डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिक्सचा कोर्स अर्धवट सोडू नका. कोरफड हा त्याला पर्याय नाही. बायोप्सीत (अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) झीज व्यापक दिसली तर युरोपीय मार्गदर्शक सूचना दर ३ वर्षांनी एंडोस्कोपी सुचवतात. वजन घटत असेल, शौचाला काळी होत असेल किंवा घास अडकत असेल, तर मात्र लगेच दाखवा.