आधी वजन काटा
दवाखान्यातून घरी सोडलेल्या रुग्णावर ॲपने लक्ष ठेवण्याबद्दलच्या लेखात, डिस्चार्जनंतर ॲपवर रोज ऑक्सिजन आणि बीपी भरा, असं आहे. हृदय कमकुवत असलेल्यांनी वजनही भरायलाच हवं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काटा सपाट फरशीवर ठेवून. सारवलेल्या जमिनीवर तो चुकतो. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढले तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. ऑक्सिमीटर गार बोटावर किंवा नेलपॉलिशवर चुकीचा आकडा देऊ शकतो. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी भागात रेंज जाते, तेव्हा नोंद फोनमध्ये साठवणारंच ॲप हवं, आणि आकडा बिघडल्याचा ॲपचा इशारा मराठीतही. नुसता कन्नड-इंग्रजी इशारा म्हाताऱ्या आजीला कळणार कसा? रात्री फोन कोण उचलणार, तो नंबर डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून द्या.