व्हायरस आला असंन

काकाजींच्या मते कॉम्प्युटरला एकच रोग होतो. स्क्रीन काळी पडली, व्हायरस. माऊस अडकला, व्हायरस. प्रिंटरमधला कागद संपला तेव्हाही फोनवर "व्हायरस आला असंन बे" हेच निदान ऐकलं होतं.

मी शिकलो कॉमर्स. पण कुठल्याशा लग्नात प्रोजेक्टरची सैल वायर मी नीट खोचली, आणि तेव्हापासून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या खानदानाचा हार्डवेअर इंजिनियर झालो. मे महिना, ४५ डिग्री, दुपारचे अडीच. "मशीन आपोआप बंद होऊन राहिली. तू ये नं."

गेलो. दोन तक्रारी होत्या. एक, मशीन मध्येच बंद पडते. दोन, बँकेनं खातं बंद केलं. खातं शाबूत होतं. मदरबोर्डवरचा, आतलं घड्याळ चालू ठेवणारा छोटा गोल सेल संपला होता, त्यामुळे कॉम्प्युटर स्वतःला कित्येक वर्षं मागं समजत होता. तारीखच चुकीची, तर बँकेच्या साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट त्याला बनावट वाटणारच, म्हणून साइट उघडत नव्हती. मी सेल काढून हातावर ठेवला. काकाजींनी चष्मा सरसावला.

"काहून बदलतो? २०३२ लिहिलंय यावर. अजून मुदत आहे."

सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, असं मी सांगितलं. कंपनीनं मला पटवलंय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग स्लो का चालते हा प्रश्न आला. हार्ड डिस्क अर्धी रिकामी, तरी स्लो कशी? मी काकूंकडे बघून म्हणालो, हार्ड डिस्क म्हणजे तुमची धान्याची कोठी आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत कितीही जागा असू द्या, ओटा लहान असला की काम खोळंबणारच. काकूंना हे इतकं पटलं की पुढचा अर्धा तास माझ्या हातात राहिला नाही. "पाहा, मी कधीची म्हणून राहिली, ओटा लहान आहे!" काकाजी म्हणाले, तो विषय वेगळा. काकू म्हणाल्या, इंजिनियर सांगून राहिला. तेवढ्यात मी रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवायला लागलो, तर काकू म्हणाल्या, "ओटा कोरड्यानं कुठं निघते? ओलं फडकं देऊ?"

आता मुख्य आजार. ज्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात त्याला काकूंनी धुळीसाठी भरतकामाची खोळ शिवली होती. खरा सीपीयू आत, पंख्याखाली, दोन बोटांत मावेल एवढा. तो शंभर डिग्रीच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतो. पंखा त्याला देणार खोलीचीच हवा, आणि खोळीमुळे तीही मिळत नव्हती. खोळ काढली, धूळ झटकली.

"कूलरसमोर ठेवू का मग?"

नको. त्यातून ओल येते. हे म्हणता म्हणता काकूंनी कूलर लावला आणि कॉम्प्युटर खटकन बंद होऊन पुन्हा सुरू झाला. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दोघं! कूलरची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज क्षणभर पडतं. ते सांभाळायला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच गेलेली आणि त्यावर उदबत्त्यांचे पुडे रचलेले.

"म्हणजे दोघातला एकच चालंन?" काकाजींनी विचारलं. कूलर दुसऱ्या प्लगला लावा, एवढंच मी म्हणत होतो. पण दुसऱ्या प्लगपर्यंत कूलरची वायर पोचत नाही, आणि खिडकी तर हलणार नाही. निर्णय काकूंनी दिला: पाऊस येईपर्यंत कॉम्प्युटर बंद.

मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला.

"थांब नं," काकाजी म्हणाले, "आलाच आहेस तर कूलरचा पंप पाहून दे. पाणी वर चढून नाही राहिलं. त्यातही व्हायरस आला असंन."